चौदा वेढ्यांचं घड्याळ

"सात, आठ, नऊ…" थोरली थांबली. किल्ली पुढे फिरेना.

"जोर लाव की. जेवताना बरा असतो," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. घरात त्याला सगळे मधला म्हणत.

"जोराचा प्रश्न नाही. या घड्याळाला चौदा वेढे लागतात. दर सुट्टीत मीच देत आलेय."

आजोबांच्या दुरुस्तीच्या दुकानातलं ते जुनं जर्मन घड्याळ. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, चिनीमातीची तबकडी, वय शंभराच्या पुढे. आजोबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्याशिवायची ही पहिलीच सुट्टी, आणि मामाने दुकान आवरायला काढलं होतं. मामाचं आवरणं म्हणजे डबे न उघडता बाहेर आणि मग तासभर चहा.

वेढ्यांची गोष्ट कानावर पडताच त्याने घड्याळ उतरवून तबकडी काढली. आत जर्मन यंत्र नव्हतंच! पातळ पत्र्याचं कुठलंसं स्वस्त यंत्र बसवलेलं.

मामाचा हिशेब सोपा होता: दुकानात माणसं दोन, त्यातलं एक गेलं, उरलं ते चोर.

"कारागीरकाका, जुनं यंत्र कुठंय?"

एकतीस वर्षं आजोबांच्या शेजारच्या स्टुलावर बसलेले काका भिंग पुसत राहिले. "मी घेतलं नाही."

"मग काय पायांनी चालत गेलं?"

काकांनी भिंग डबीत ठेवलं.

"संध्याकाळी दुकानाच्या चाव्या द्या. उद्यापासून येऊ नका."

 थोरलीने वेढे मोजले नसते, तर काकांवर आळच आला नसता. पेचकस कसा धरायचा ते तिला याच माणसाने शिकवलं होतं.

"काका चोर नाहीत. पण त्यांना काहीतरी माहीत आहे," ती बाहेर येऊन म्हणाली.

मामाची लेक, सगळ्यांत लहान म्हणून शेंडेफळ, चपलेशी चाळा करत होती. "बाबांनी काल आजोबांच्या टेबलाखालचा बिस्किटांचा डबा भंगारात दिला. इतका जड होता की बाबांची कंबर धरली."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"मला कुणी विचारतं का कधी?"

तिघं पळत सुटले.

भंगारवाला पितळेच्या ढिगाशेजारी टेकून बसला होता. "हात लावायचा नाही. तासाभरात भट्टीची गाडी येते."

मधल्याने खिशातून लोहचुंबक काढून ढिगावर फिरवलं. दोन स्क्रू टणकन चिकटले. "दादा, पितळेत लोखंड आहे. भट्टीवाला वजन कापेल. आम्ही निवडून देऊ का? सुट्टी आहे, वेळ जात नाही."

"फुकट?"

"फुकट."

फुकट म्हटल्यावर भंगारवाल्याचा चेहरा असा उजळला की त्याने स्वतः गोणपाट अंथरून दिलं.

नळ, कड्या, मोडके दिवे. हात काळे झाले. आणि तळाशी थोरलीला ते जुनं यंत्र सापडलं. जाड पितळ, पुढून जितकं गुळगुळीत तितकंच मागून. "मागे कुणी बघणार नाही हे ठाऊक असूनही ज्याने घासलं, त्याला कारागीर म्हणायचं," आजोबा सांगत. मात्र मोठ्या चाकाचे तीन दात उडालेले होते.

"याचे आस लोखंडी आहेत. पितळेत चालायचं नाही," शेंडेफळ गंभीरपणे म्हणाली.

"मग काढ बाहेर."

"घरी नेऊ?"

"ने बाई, ब्याद गेली."

वाटेत थोरलीने फ्रॉकने यंत्राचा पत्रा पुसला. घड्याळ उघडलं की दुरुस्त करणाऱ्याने आतल्या पत्र्यावर तारीख कोरायची, अशी या धंद्याची रीत. तारखांची ओळच होती. वरच्या अनोळखी हातांच्या, मग आजोबांच्या, सुबक, सरळ. शेवटची गेल्या वर्षातली. अक्षरं घसरत खाली गेलेली: 'स्प्रिंग सुटली. दात गेले. चूक माझी.'

तिने ते दोनदा वाचलं. मग मधल्यासमोर धरलं.

दुकानात काका चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवत होते. थोरलीने यंत्र मामासमोर धरलं. मामाने वाचलं आणि तो खाली बसला.

"काका, मी चुकलो." त्याने जुडगा उचलून काकांच्या हातात परत दिला. मग पोरांकडे वळला. "शाबास रे. मी डबा उघडूनही बघितला नाही, तुम्ही भट्टीच्या तोंडातून काढून आणलंत."

"तुम्ही बोलला का नाहीत?" थोरलीने काकांना विचारलं. "तुम्हाला चोर म्हणाले."

"शब्द दिला होता. किल्लीने स्प्रिंग सैल करताना तुमच्या आजोबांचा हात थरथरला. पेटीत हे स्वस्तातलं यंत्र बसवलं आणि म्हणाले, पोरांना सांगू नकोस, त्यांना वाटतं माझा हात कधी चुकत नाही." काकांनी यंत्रावरून अंगठा फिरवला. "शोधलंत छान. माझी अब्रू राखलीत. फक्त त्यांनी जे लपवलं होतं, ते उघडं पडलं."

थोरलीला आता मामाची शाबासकी नकोशी झाली.

"हे दात बसतील?"

"दोन दिवसांचं काम."

"मग त्यांनी का नाही बसवले? तुम्ही का नाही?"

"मला हात लावू देत नव्हते. मीच नीट करणार, म्हणायचे." काका खिडकीकडे बघत राहिले. "पोरी, रोज दुपारी मला जेवायला पाठवून हे यंत्र घेऊन बसायचे गं ते. परत आलो की दात तसेच, आणि डोळे पुसलेले."