काजळीतले नाव

रत्नदीप टॉकीज पाडली गेली तेव्हा रंजिता गोंदियात नव्हती. तिथल्या पडद्यावर वडिलांचे नाव झळकले म्हणतात, त्या दुपारी तर तिचा जन्मही झाला नव्हता. टॉकीजचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा वहीच्या पहिल्याच पानावर तिने या दोन्ही गोष्टी नोंदवल्या. ऐकीव ते ऐकीव.

संगमरवरी जिना, मखमली पडदा, बायकांची वेगळी बाल्कनी, सारे टिपून झाले होते. उरला होता एकच प्रश्न, आणि तो इतिहासाचा नव्हता.

प्रेक्षकांपैकी कुणाला घरून तातडीचे बोलावणे आले, की काचेवर काजळी धरून, काडीने त्यात नाव कोरून ती स्लाइड पडद्यावर दाखवत. रंजिताच्या वडिलांची, देवीदासांची, आई अत्यवस्थ झाली, तेव्हा शेजारी असाच टॉकीजवर धावला होता.

"नाव मी पाहिलं," देवीदास मरेपर्यंत सांगत राहिले. "देवी आणि दास यांच्यामधून काच तडकलेली होती. म्हटलं, गाणं संपू दे."

ते घरी पोचले तेव्हा आई गेली होती. त्या एका गाण्यासाठी घराने त्यांना कधी क्षमा केली नाही. त्यांनी स्वतःलाही नाही.

टॉकीजमध्ये सिनेमाचे मशीन चालवणारे बकाराम आता ऐंशीचे. भरदुपारी त्यांच्या पत्र्याच्या खोलीत अंधार होता. चूल थंड होती. तरी ताज्या काजळीचा वास येत होता.

"टॉकीज पाडल्यावर बरा इतिहास सुचला तुले, पोरी!"

"काका, माझ्या बाबांची स्लाइड... किती वेळ दाखवली होती?"

म्हाताऱ्याने कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिले.

"दाखवलोच नाई... गाणं रंगात होतं, पब्लिक शिट्या मारून राहिली होती. म्हटलं, मंग दाखवू. खिशात ठेवलो आन् भुललो. इतकी वर्सं कोणाले सांगतलो नाई."

रंजिताने डोळे मिटले. म्हणजे बाबा निर्दोष होते. पाहिल्याचा तो भास, अपराधी मनाने रचलेला. किती वर्षांचे ओझे, आणि उतरले ते इतक्या उशिरा.

बकारामांनी पेटीतून फडक्यात गुंडाळलेली काच काढली. पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या कवडशात तिने ती धरली. भिंतीवर अक्षरे उमटली: देवीदास. मधोमध एक बारीक तडा.

"ही... तडकली कधी?"

"मागल्या साली. टॉकीज पाडली ना, त्या दिवशी. बुलडोझरचा आवाज झाला आन् हातातून पडली. तवालोक अख्खी होती."

देवीदासांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.