पायाळूचा पाय आणि माझा अंगठा

लोकांचं प्रेम म्हणे नजरेपासून सुरू होतं. माझं लाथेपासून सुरू व्हायचं होतं, आणि ती लाथ थोडक्यात हुकली.

बोदलकसा तलावाच्या रस्त्याला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. लग्नसराईत मी सकाळी कात्री हातात घेते ती आईने ओरडल्यावरच खाली ठेवते. आधी अंगठ्याच्या बुडाशी नुसती कळ यायची. मग कणीक मळताना, कुलपात किल्ली फिरवताना जीव जायला लागला. मी काय केलं? बाम चोळला आणि अजून ऑर्डरी घेतल्या. मोठीच शहाणी ना मी! शेवटी एकदा कात्री हातातून निसटली ती थेट चंदाच्या लग्नाच्या ब्लाउजपीसवर. चंदा म्हणजे माझी जिवाची मैत्रीण. कापड वाचलं, पण मी धसकाच घेतला. हे दुकान मी माझ्या हिमतीवर काढलंय. पाटीसुद्धा स्टुलावर चढून मीच ठोकलीय. हातच गेला, तर ती पाटी उतरवायलाही दुसरं कोणी शोधावं लागलं असतं.

"उसण भरली आहे हातात," आईने निकाल दिला. "पायाळूचा पाय लागला पायजे."

पायाळू म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला माणूस. आमच्याकडे कंबरेत उसण भरली की लोक डॉक्टरच्या आधी पायाळूकडे जातात, हलकीशी लाथ खातात आणि बरं वाटलं म्हणत घरी येतात. पण मनगटाला लाथ? मी खूप आदळआपट केली. आमच्या आईपुढे — सुलोचनाबाईंपुढे — कोणाचं चाललंय!

दुसऱ्या दिवशी अनशापोटी आम्ही पलीकडच्या गावात. अंगणात ही ओळ! कोणाची कंबर, कोणाची मान. पायाळूची आई सुमित्राबाई खुर्ची टाकून बसलेली आणि "चला, पुढचा!" म्हणून हाका मारतेय. मला वाटलं, आतून जटावाला कोणी बुवा निघणार. निघाला तो जीन्स घातलेला, खांद्यावर गमछा, केसांत लाकडाचा भुसा... दिसायला बरा. म्हणजे, खोटं कशाला बोलू — फारच बरा.

"काय दुखते?" त्याने विचारलं.

"अंगठा."

"काम काय करता?"

"ब्लाउज शिवते."

उचललेला पाय त्याने तसाच खाली ठेवला. "मंग हे उसण नोहे. कामाचं दुखणं आहे. याले लाथ नाई लागत, आराम लागते."

"वा! इतक्या दुरून लाथ खायले आली मी, अन् तुमी नाई म्हणता?"

सगळी ओळ खो-खो हसली. सुमित्राबाई कडाडली, "गजेंद्र! पोरीले खाली हात नोको पाठवू, देऊन दे एक!"

तो वाकला. मला वाटलं, आता बसते... पण त्याने हळूच हातावर लोंबणारा गमछा बाजूला केला. मनगटाला अंगठ्यापर्यंत पट्टा बांधलेला!

"मी सुतार आहे," तो कुजबुजला. "रंधा मारू मारू मलेच झालं. गोंदियाच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनं हा पट्टा देल्ला. आईले सांगू नोका. पायाळूचाच हात दुखते म्हटलं, तं तिचं नाक कापलं जाईन."

"मंग सोताच सोताले लाथ मारून पाहाची ना!"

"पाहिली," तो गंभीरपणे म्हणाला. "पाय पोचत नाई."

मी हसले, आणि आईने मला चिमटा काढला.

दोन दिवसांनी स्वारी माझ्या दुकानात हजर. म्हणे, इकडून चाललो होतो! आमचा रस्ता पुढे तलावाला जातो, तिथे याचं काय काम? टेबलाकडे पाहून त्याने 'च्च' केलं.

"टेबल बुटकं, म्हून तुमी वाकून कापता. मनगट वाकडं, सारा जोर अंगठ्यावर. अन् या कात्रीले धार कधी लावली होती?"

"माझ्या तोंडाले आहे तेवढी पुरे."

"ते तं दिसूनच राहिलं... उभ्या राहा. हात खाली सोडा. आता कोपरातून वाकवा."

माझाच टेप घेऊन तो जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायला लागला. मी साऱ्या पंचक्रोशीची मापं घेतली, पण माझं माप असं थांबून, श्वास धरून कोणी घेतलं नव्हतं. तेच माप त्याने दोनदा घेतलं. पहिल्यांदा चुकलं की मुद्दाम — देव जाणे.

"टेबल इतकं उंच पायजे," तो उगाच खाकरला. "अन् मधून मधून कात्री ठेवून मूठ उघडा, मिटा. एकदा मॅडमले दाखवून या. दुखणं जुनं झालं तं लय तरास देते."

"अन् तुमचा पट्टा कोठं आहे?"

"घरी."

"कायले?"

"कोणाचं तरी टेबल बनवाचं आहे ना. पट्टा घालून रंधा चालत नाई."

मला असा राग आला! "मले शहाणपण शिकवता अन् सोता हात मोडून घेता? नोको तुमचं टेबल! जमिनीवर बसून कापीन!"

तो बघतच राहिला. मग हसला... आणि माझा राग कुठे गेला, मला सापडलाच नाही.

शेवटी तह झाला. त्याने थोडा रंधा मारायचा, की मला व्हिडिओ कॉल. मी कात्री ठेवायची. मग दोघांनी समोरासमोर मुठी उघडायच्या, मिटायच्या, बोटं ताणायची. मीही गोंदियाला जाऊन पट्टा आणला. चंदाचे ब्लाउज सोडून बाकीचं कापायचं काम शेजारच्या जमुनाबाईकडे दिलं. आधी जीव तुटला; पण हात टिकवायचा तर हावरटपणा सोडावाच लागतो.

पण गाव कसलं गप्प बसतंय! चंदा एकदा दारातच थबकली. "काऊन वो, हे मुठीचे इशारे कोणाले करून राहिली?"

"व्यायाम आहे."

"मंग लाजून काऊन राहिली?"

याला मॅडमनी काही औषध दिलं नव्हतं.

टेबल आलं. अगदी कोपराइतकं उंच, कडा घासून गुळगुळीत. चंदाचे ब्लाउज वेळेत झाले, चंदा सासरी गेली, आणि माझा अंगठाही बरा झाला. खरं तर मी नाचायला हवं होतं. दुकान वाचलं होतं! पण आता कॉल कशाला करायचा? त्याचाही येईना. दुपारी मी एकटीच मूठ उघडायची, मिटायची, आणि रडायला यायचं. तो माणूस मला हवा होता. सरळ सांगते, हवाच होता.

मग एका सकाळी मी एकटीच त्याच्या अंगणात, ओळीत जाऊन उभी राहिले.

मला पाहून त्याचा चेहरा उजळला. मग लगेच उतरला. "पुन्हा दुखून राहिलं?"

"हाव. लय."

"दाखवा."

मी हात पुढे केला.

"हा तं डावा आहे. दुखत उजवा होता."

"...पसरलं असंन."

"असं पसरत नाई ते."

"तुमी मॅडम आहा काय? पाय लावा ना गुमान!"

तो मागे सरकला. कान लालबुंद. "तुमाले नाई लावता येत."

"काऊन?"

"पायाळूचा पाय घरच्या माणसाले लागू पडत नाई. आईचीच कंबर दुखते, तं ते दुसऱ्या गावच्या पायाळूकडे जाते."

सुमित्राबाईने घाईघाईने पदर तोंडाला लावला.

"अन् मी कोठची घरची?" मी हात तसाच पुढे धरून विचारलं.

"नाई आहेस..." तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "पण — होशीन काय?"

मागून कंबर धरून उभे असलेले एक आजोबा कळवळले, "हो म्हण वो पोरी लवकर! अठी माझा जीव चालला!"

मी उजवा हात पुढे केला. "धर. पण हळू... आत्ताच बरा झाला आहे."

त्याने तो भर अंगणात, आईसमोर, दोन्ही हातांनी धरला. कुठेच दुखलं नाही.