जामीनदाराला जामीन कोण?

बसा, वीज येईपर्यंत सांगतो. देवरीजवळच्या आमच्या गावात माझं ऑनलाइन केंद्र आहे. त्या दिवशी भरदुपारी शामकलाबाई फोन घेऊन आल्या. त्यांचा मुलगा मोहित हैदराबादला कामाला गेला, तो वर्षभर बेपत्ता होता. आता त्याच्या जुन्या नंबरवरून एक लिंक आली होती.

ती मी संगणकावर उघडली, तर पडदाभर लाल इशारा. पलीकडच्यावर विश्वास ठेवता येत नाही म्हणे.

"म्हंजे?" बाईंनी विचारलं.

"मावशी, संगणकात कंपनीनं काही जामीनदार आधीच नेमलेले असतात. कंपनी त्यांना तपासते, लबाड निघाला तर हाकलते. त्यांनी ओळख दिली तरच संगणक पुढच्याला खरा मानतो. या लिंकचा जामीनदार कंपनीच्या ओळखीचा नाही."

"माह्या पोराची ओळख कंपनी कायले देईल? मी देऊन राहिली ना!" आणि त्या रडायलाच लागल्या.

मला राहवलं नाही. लिंकसोबत आलेला तो अनोळखी जामीनदार मी माझ्या हातानं संगणकाच्या यादीत घातला. एकदा तो आत गेला, की तो ज्याला खरा म्हणेल तो खरा. त्याला स्वतःला ओळख कोणी दिली होती? त्यानंच. तसं सगळ्याच मोठ्या जामीनदारांचं असंच असतं. कुठंतरी विचारणं थांबवावंच लागतं.

मग लिंक उघडली. चित्र आलं नाही, नुसता मोहितचा आवाज आला. "आई... कडी काढून ठेव. येऊन राहिलो..."

दोन दिवसांनी मोहित आला. आईनं ओळखलं, मग गावानंही मानलं. मीही भेटायला गेलो. चेहरा तोच, हसणं तेच. पाण्याचा गिलास घेताना त्याचा डावा हात दिसला. पाचही बोटं शाबूत. राइस मिलच्या पट्ट्यात त्याच हाताची करंगळी गेली, तेव्हा रुमाल मीच बांधला होता.

"मावशी, त्याचं बोट...?"

"आलं असन," त्या हळूच म्हणाल्या. "माय आहो मी. मले समजत नाही का?"

केंद्रात येऊन तो जामीनदार मी पुसून टाकला, तरी जीव थाऱ्यावर येईना.

काल बाईंच्या ओसरीवर तीन परके पुरुष बसलेले दिसले. शेजारच्या सुकरामला विचारलं, कोण हे?

"मोहितच्या ओळखीचे. चांगले आहेत म्हने. एक जन आजपासून माह्या घरी राहाले येऊन राहिला."

"आणि शामकलाबाई?"

"झोपून आहे, परवापासून."

"तू पाहिलंस?"

"कायले पाहू?" सुकराम हसला. "मोहितनंच तं सांगतलं."