उंद्रीच्या विहारातला दुसरा रेडिओ

"मॅडम, रेडिओ कपाटातच हाये. पण तो आमचा नाही."

उंद्रीहून समताचा हा फोन आला, तेव्हा फौजदार सारिकाच्या साहेबांचा चहा चालू होता.

"रेडिओ जागेवर आहे, मग चोरी कसली?" साहेब म्हणाले. समतानं पाठवलेला पाटीचा फोटो त्यांनी पाहिला. "हॉलवर्थ टेलिफोन कंपनी, लंडन. टेलिफोनवाले रेडिओ कशाला बनवतील? डबडं असेल."

सारिकानं मोबाईलवर शोधून वाचून ठेवलं होतं. कंपनी आधी टेलिफोनच बनवायची. पहिल्या महायुद्धात तिनं सैन्याला टेलिफोन पुरवले. पुढे इंग्लंडात रेडिओचे कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा ती कर्ण्याचे रेडिओही बनवू लागली. थोड्याच वर्षांत एका मोठ्या कंपनीनं तिला गिळलं आणि पाटीवरचं नाव गेलं. त्यामुळे जुन्या नावाची पाटी असलेला रेडिओ आता शोधून सापडत नाही, आणि सापडलाच तर मोठी किंमत मिळते. हे सगळं ऐकून साहेबांनी बशीत आणखी चहा ओतला. जीप बंदोबस्ताला गेली होती. सारिका एसटीनं उंद्रीला गेली.

हा रेडिओ समताच्या आजोबांचा, गुलाबरावांचा. ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानातून त्यांनी तो लिलावात घेतला. छप्पन्न सालच्या सहा डिसेंबरची बातमी अख्ख्या बस्तीनं त्याच्यावरच ऐकली होती. आता तो विहारातल्या काचेच्या कपाटात असतो आणि सहा डिसेंबरलाच बाहेर निघतो. त्यासाठी पुसायला घेतला तेव्हा समताला दिसलं, की तळाशी खिळ्यानं कोरलेलं आजोबांचं नाव नाही. कुलूप शाबूत होतं. कपाटाची आणि विहाराची चावी समताच्या वडिलांकडे, देवानंदकडे. बस्तीनं चोर ठरवून टाकला होता, आणि देवानंदनं जेवण सोडलं होतं.

"काका, चावी कोणाला दिली होती?" सारिकानं विचारलं.

"कोणालेच नाही."

"घटकाभरही नाही?"

"बापाले शब्द देला होता, चावी हातातून सोडणार नाही म्हून."

"मग चोर तुम्हीच ठरता."

"ठरू द्या."

सारिकाला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. ज्याला वाचवायचं तोच पाय खोलात घालत होता.

विहार समितीचा सचिव अविनाश मात्र भरभरून बोलला. गावात त्याचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. "गुन्हा दाखल करा, मॅडम. रेडिओ काय, जुनं डबडं. पण इमान पाह्यजे का नाही? दसऱ्याले सारे नागपूरले दीक्षाभूमीवर गेले. गुडघ्यापायी मी एकटा मांगं राह्यलो. तरी विहारातली संध्याकाळची मेणबत्ती चुकू देली नाही."

सारिकानं नकली रेडिओ उलटासुलटा केला. काम फर्मास होतं. पाटीच्या फटीत मात्र काहीतरी लाल दिसलं. तिनं नखानं खरवडलं. कुंकू होतं. विहारातल्या वस्तूला कुंकू कोण लावणार?

मग ती जुने रेडिओ दुरुस्त करणारे शोधत फिरली. चिखलीत एक दुकान बंद होतं, मेहकरात दुसऱ्यानं उभंच केलं नाही. अखेर देऊळगाव राजात कारभारी नावाच्या मिस्त्रीनं फोटो पाहताच मान डोलावली.

"मीच बनवलाय. नाटकात ठेवायचा म्हणे. फोटो मोबाईलवर आले होते."

"कोणाकडून?"

"उंद्रीचे देवानंद. फोनवरच बोलणं झालं, माणूस नाही पाहिला."

सारिका मटकन स्टुलावर बसली. एवढी वणवण करून पुन्हा तेच नाव.

"रेडिओवर टेलिफोनचं नाव कशाला, काढून टाकतो म्हणालो," कारभारी सांगत होता, "तर म्हणे, पाटी हुबेहूब तीच पाहिजे. सगळी किंमत तिचीच."

"आणि हे कुंकू?"

"खंडेनवमीला दुकानातल्या सगळ्याच वस्तूंची पूजा करतो, मॅडम. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, घाईत एसटीनं चिखलीला पाठवला. फटीतलं पुसायचं राहिलं असेल. दुपारी उतरवून घेतल्याचा फोनही आला."

सारिका उठली.

दोन दिवसांनी तिनं सगळ्यांना विहारात बसवलं.

"नकली रेडिओ दसऱ्याच्या दुपारी चिखलीत कोणीतरी उतरवून घेतला. देवानंदकाका तेव्हा बस्तीसोबत नागपुरात होते. मागे एकच माणूस होता. या कंपनीचा इतिहास आणि पाटीची किंमत मोबाईलवर मलाही सापडली. सेवा केंद्र चालवणाऱ्याला सापडायला काय लागतं? त्यानं काकांचं नाव सांगून नकली रेडिओ बनवून घेतला. बरोबर ना, अविनाशभाऊ?"

अविनाश हसला. "आन् चावी? देवानंदभाऊच म्हणते, कोणालेच देली नाही."

"काका, दसऱ्याच्या संध्याकाळी विहार कोणी उघडला? बंद दाराआडून मेणबत्ती लागत नाही."

देवानंदनं खिशातल्या चाव्या काढून सतरंजीवर ठेवल्या.

"म्याच देली चावी याले," तो म्हणाला. "वंदना खंडू नये म्हून. दाराची न् कपाटाची एकाच कडीत हाये. सारी बस्ती म्हणते, देवानंद शब्दाचा पक्का. मंग सांगू कसं?"

"आणि तुम्ही सांगणार नाही, हे याला पक्कं ठाऊक होतं." सारिका अविनाशकडे वळली. "रेडिओ कुठे आहे?"

अविनाशचं हसू मावळलं होतं. "परवापर्यंत घरातच होता. तुम्ही देऊळगाव राजाले गेल्या, त्या दिवशी मुंबईचा माणूस घेऊन गेला. त्याचा फोन आता लागत नाही."

सारिकाचा संताप अनावर झाला. "काका, पहिल्या दिवशी खरं बोलला असता, तर या गल्लीतूनच रेडिओ उचलून आणला असता."

शिपायानं अविनाशला बाहेर नेलं. बापावर आळ आल्यापासून एकटी भांडत राहिलेली समता देवानंदजवळ येऊन बसली.

"बाबा, चोरीचा डाग तं पुसला."

"हाव," देवानंद म्हणाला. "रेडिओ म्याच घालवला."