तारेत न शिरलेला आवाज

ही घटना खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. खरं म्हणजे, कानांदेखत.

मी आवाजाची यंत्रं दुरुस्त करते. अॅम्प्लिफायर, मिक्सर, माइक. गोष्टी रचणं हा माझा धंदा नाही. मला रचता येतात त्या फक्त सबबी, त्याही गिऱ्हाईक ठरल्या वेळेआधी दारात उभं राहिलं की. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा, पण मध्येच सोडू नका.

आणि यात रात्र, अमावस्या शोधू नका. रविवारची भर दुपार होती.

जागा, माझ्या दादाच्या घरातली मागची खोली. एक खिडकी, एक कपाट, भिंतीवर टांगलेली जाड पांघरुणं. आवाज घुमू नये म्हणून ती मीच टांगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचं घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, जीव वाचेल, पण आवाज जाईल.

कायमचा.

त्यांची मुलगी मुंगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. गोडाच्या डब्याभोवती सारखी घोटाळते, म्हणून मुंगी. आईने गोष्ट सांगितल्याशिवाय ती झोपत नाही. म्हणून वहिनीने ठरवलं, जमतील तेवढ्या गोष्टी आज रेकॉर्ड करायच्या. मुंगीला शेजारी पाठवलं होतं.

"वन्सं, तुमच्या डबड्यांचा आज तरी उपयोग होऊ दे," वहिनी म्हणाली. मला चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणायची. आवाज आधीच घोगरा झाला होता. मी हसले आणि वायरी सोडवायला घेतल्या.

माइक खोलीत ठेवला. मिक्सर आणि दादाचा कॉम्प्युटर बाहेरच्या टेबलावर. मधलं दार बंद. दाराला काच होती, त्यातून वहिनी मला दिसत होती.

रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हेडफोनमध्ये...

हम्म्म्म्म्...

जुना फ्रीज कानात बसवल्यासारखी घरघर.

कारण मला ठाऊक होतं. माझा मिक्सर तीन तारांचा, दादाचा कॉम्प्युटर दोन तारांचा. दोघांना सरळ जोडलं की ही कटकट ठरलेली. मी त्यावरचा उपाय आणायला पिशवीकडे गेले, तेवढ्यात दादाने पक्कड उचलली आणि मिक्सरच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कापायला घेतली.

"अरे ए शहाण्या! काय करतोस?"

"अर्थ काढतोय. अर्थ काढला की हम जातो. सगळे तेच करतात."

"सगळे तेच करतात आणि मग शॉक लागून आडवे होतात! अर्थ काढायचा तो बोलण्यातला काढ, प्लगमधला नाही. ठेव ती पक्कड!"

वहिनी काचेपलीकडे हसली. तिचं तसं हसणं मी तेव्हा शेवटचं ऐकलं.

आधी केलेलं रेकॉर्डिंग मी सहज लावून पाहिलं. घरघरीखाली वहिनी बोलत होती. टोपी हरवलेल्या अस्वलाची गोष्ट.

आणि तिच्या खाली...

आणखी कुणीतरी.

बाईचाच आवाज. पुटपुटल्यासारखा.

"रेडिओ शिरलाय," मी म्हणाले. असं होतं. लांबलचक वायर बाहेरचं काय वाट्टेल ते पकडते. मला भीती वाटली नाही. तोवर तरी.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे मला पुढे घाम का फुटला ते कळेल.

तीन तारांच्या जोडणीत एकच आवाज दोन तारांतून जातो. एकीतून सुलटा, दुसरीतून उलटा. तिसरी तार अर्थची. वाटेत बाहेरून काही शिरलं तर ते दोन्हींत सारखंच शिरतं. पलीकडे उलट्याला सुलटं करून दोन्ही एकत्र आणले की माइकचा आवाज उरतो आणि घुसखोर आपोआप कटतो. दोन तारांच्या यंत्राला हे जमत नाही. म्हणून मध्ये एक ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी लावायची. आवाज पलीकडे जातो, पण दोन यंत्रांच्या तारा एकमेकींना शिवत नाहीत.

मी डबी लावली.

घरघर गेली. पार गेली. इतकं स्वच्छ झालं की वहिनीने गिळलेला आवंढाही ऐकू आला.

"बोल," मी खूण केली.

"एक होतं अस्वल..."

हेडफोनमध्ये दोन आवाज आले.

तो दुसरा आवाज गेला नव्हता. उलट आता स्पष्ट झाला होता.

मी जोडणी पुन्हा तपासली. बाहेरून शिरलेलं असतं तर कटलं असतं. जे उरलं होतं, ते माइकमधून येत होतं.

म्हणजे माइकसमोरून.

आणि माइकसमोर फक्त वहिनी होती.

मी दार उघडून आत गेले. कपाट उघडलं, पांघरुणांमागे पाहिलं, खिडकी तपासली. कुणी नाही. वहिनीला गप्प बसवून नुसती खोली रेकॉर्ड केली. काही नाही. तिचा श्वास, बस्स.

ती बोलायला लागली की मात्र...

दादाने माझ्या कानावरचा हेडफोन ओढून घेतला. थोडा वेळ ऐकलं आणि पांढराफटक पडला.

"अगं... हा आवाज तिच्या मागून येत नाहीये. तिच्या आधी येतोय."

खरं होतं. तो आवाज शब्दभर पुढे होता. तो "टोपी" म्हणायचा, मग वहिनी "टोपी" म्हणायची.

पण वहिनी वाचत नव्हती! गोष्ट ती जागेवर रचत होती. पुढे काय येणार, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"वहिनी, गोष्ट बदल. मनात येईल ते बोल," मी ओरडले.

ती गोंधळली. मग म्हणाली, "अस्वलाने टोपीत बटाटे लावले."

हेडफोनमध्ये बटाटे आधीच लावून झाले होते.

"बंद कर. आत्ताच्या आत्ता बंद कर!" दादा म्हणाला.

आम्ही वहिनीला सगळं ऐकवलं. वाटलं, ती किंचाळेल. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"उद्या माझा आवाज जाणार आहे. मला थांबायला वेळ नाही."

"अगं पण हे..."

"असू दे ती, जी कोण असेल ती. माझ्या पोरीला माझा आवाज मिळायला हवा. मी थांबणार नाही, ताई."

मी बटण दाबलं.

दुपारभर ती बोलत राहिली. अस्वल, बटाटे, चष्मा लावणारी मासोळी. गोष्टीगणिक दोन आवाजांतलं अंतर कमी होत गेलं. शेवटी ते एकदमच यायला लागले. मला वाटलं, गेला. सुटलो.

शेवटच्या गोष्टीत वहिनीला खोकला आला. ती वाकली, पदर तोंडात कोंबला.

मी काचेतून पाहत होते. तोंड बंद होतं तिचं.

आणि मिक्सरवरचे दिवे चढत-उतरत होते...

हेडफोनमध्ये गोष्ट चालूच होती. वहिनीच्याच आवाजात. खोकला नाही, घोगरेपणा नाही. पूर्वीसारखा, अगदी स्वच्छ.

गोष्ट संपली. आवाज म्हणाला, "झोप आता, मुंगे."

वहिनी तेव्हाही पदरात खोकत होती.

ऑपरेशन नीट झालं. वहिनी घरी आली. आता खुणांनी बोलते.

त्या फायली मी माझ्याकडच्या प्रत्येक हेडफोनवर ऐकल्या. सगळ्यांत आता एकच आवाज आहे. सुरुवातीच्या गोष्टींतही. मी वहिनीला ऐकवून विचारलं, "हा तुझाच ना?" तिने माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि मान हलवली.

नाही.

तरी तिने त्या पुसू दिल्या नाहीत. मुंगीला झोप लागते म्हणून.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांनी मुंगीला सहज विचारलं, "आई कुठाय गं?"

वहिनी तिथेच उभी होती. मुंगीच्या पाठीशी, हातभर अंतरावर.

मुंगीने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"आई आत आहे."

वहिनीचा चेहरा मला बघवेना. तिने हात पुढे केले आणि पोरीला हाक मारायला तोंड उघडलं. सवयीने. आवाज कुठून येणार?

पण हाक ऐकू आली.

"मुंगे, इकडे ये."

मागच्या खोलीतून.

कॉम्प्युटर बंद होता. दादाने सकाळीच वायरी काढून ठेवल्या होत्या, मी स्वतः पाहिल्या होत्या.

"आले, आई!" म्हणत मुंगी धावली. आईच्या पसरलेल्या हातांखालून वाकून, सरळ आत.

आणि खोलीचं दार आतून लागलं. मुंगीचा हात अजून कडीपर्यंत पोचत नाही.