हिरव्या ठिगळाचं पोतं

खोटं सांगून मला काय मिळणार?

गिरिडीहकडचं आमचं गाव. गेला फागुन. भर दुपार. या वेळेला भूत येत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

मी अभ्रकाच्या कारखान्यात चाळणीवर होतो. तिथे मोत्यासारखी चमकणारी भुकटी बनते. शहरातल्या बायकांच्या गालांवर जाते.

त्याच महिन्यात टेकडीत चोरून खणलेलं अभ्रकाचं बीळ खचलं. आत अभ्रक वेचायला शेजारची झुनिया काकी गेली होती.

"आत कुणी नव्हतं," गाव म्हणालं. पोलीस आले असते तर सगळी बिळं बंद, सगळ्या चुली बंद.

मीही तेच म्हणालो.

आतलं माणूस काढल्याशिवाय खचलेल्या बिळाच्या मालाला हात लावायचा नाही, ही आमची रीत. पण आठव्या दिवशी कारखान्यात एक पोतं आलं. त्याला हिरवं ठिगळ होतं, काकीच्या साडीचं. मी ओळखलं.

आणि गिरणीत ओतलं.

भुकटी अशी निघाली की साहेब खूश. पांढरी, हलवली की गुलाबी. बहिणीचं लग्न ठरलं होतं. चिमूटभर तिला आणली.

"चोरलीस ना, भैया?" लालमुनी हसली आणि गालांना लावली.

दुपारी ती अंगणात आरसा घेऊन बसली होती. कोंबड्या एकदम गप्प झाल्या...

"भैया, मागून मान नको ना धरू."

मी दारात होतो. दहा हात लांब.

तिच्या मानेवर पंजा चमकत होता. अंगठा आणि तीनच बोटं... काकीची करंगळी अभ्रक फाडताना विळ्यानं गेली होती.

साबण लावला, राख लावली. निघेना. रोज दुपारी पकड घट्ट व्हायची. लालमुनीला श्वास पुरेना.

"बीळ उकरू," मी काकीच्या दिराला, बिसुनला, म्हणालो.

"तुझ्या बहिणीच्या मानेपायी गावाच्या चुली विझवू? भुकटी काय आम्ही लावली होती?"

एकटाच गेलो. गुडघाभर उकरलं, आणि खालून खोकला आला...

काकीचाच.

फावडं टाकून घरी पळालो. दाराला आतून कडी होती.

"लालमुनी, उघड."

आत कुणीतरी खोकलं... मग काकीचा आवाज आला, अगदी दाराला तोंड लावून.

"आत कुणी नाही."

दार फोडलं. खाटेवर आरसा होता. जमिनीवर चकाकी होती. घराला दुसरं दार नाही, खिडकी नाही.

पोरगी अजून सापडलेली नाही. मी कारखाना सोडला. दुपारी दाराला कान लावून बसतो, मला भीती वाटते आणि तरी बसतो.

गाव मला समजावतं. म्हणतं, पळून गेली असेल रे कुणाबरोबर. तू आलास तेव्हा आत कुणी नव्हतंच.