मागच्या शनिवारची चौकट

"आडवा सात! सूत्र म्हणतं दोन अक्षरं, चौकटीत घरं पाच! उरलेली तीन घरं काय भाड्याने द्यायची?" वकिलाने टेबलावर पेन्सिल आपटली.

वकील खरा वकील नव्हता. वय वर्षं बारा. पण वाद घातल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे, म्हणून घरीदारी सगळे त्याला वकीलच म्हणत. त्याची आई वाचनालय सांभाळायची. सुट्टीत त्याच्या दोन मामेबहिणी, थोरली आणि धाकटी, आपल्या या आत्याकडे राहायला आल्या होत्या. दर रविवारी वाचनालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर गूढ शब्दकोडं सोडवणारी मंडळी जमायची, आणि यंदा तिथे ही तिघंही बसत होती.

"उत्तर 'बाग' आहे," धाकटी म्हणाली. "'आजोबा गडावर चढले, मध्येच फुलझाडं.' आजोबातला बा आणि गडावरचा ग!"

"ते कळलं गं बाई, पण पाच घरांत 'बाग' बसवायची कशी? मोठी बाग?" नर्सबाई हसल्या. त्या रात्रपाळी संपवून थेट इथे यायच्या आणि डोळ्यांवर झोप असतानाही सगळ्यांच्या आधी उत्तर सांगायच्या.

"आज हा असा तिसरा रविवार," घड्याळजी म्हणाले. घड्याळं दुरुस्त करून त्यांचा एक डोळा कायमचा बारीक झाला होता. "सूत्रं एक सांगतात, चौकट दुसरंच. पुढच्या अंकात उत्तरं छापून येतात, ती सूत्रांशी फटकूनच. कोडेकार थकलेत. म्हातारपण आहे, दुसरं काय!"

कोडेकारांना कोणी पाहिलेलं नव्हतं. साप्ताहिकात दर शनिवारी त्यांचं कोडं येई आणि खाली नावाऐवजी फक्त 'कोडेकार' एवढंच असे. गेली सहा वर्षं या टेबलाने त्यांच्याशी भांडण मांडलं होतं, त्यांना शिव्या घातल्या होत्या आणि त्यांना जीवही लावला होता.

"पत्र लिहू या," घड्याळजी म्हणाले. "थोरले, तुझं अक्षर चांगलं आहे. घे कागद."

थोरलीने पत्र लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या. पाकीट बंद करण्याआधी तिला एक ओळ सुचली. ती तिने खाली लिहून टाकली: 'आपण आता विश्रांती घ्यावी. आम्हालाही द्यावी.'

"वा! काय टोला आहे!" वकील म्हणाला. सगळे हसले. थोरलीचे कान आनंदाने लाल झाले.

पुढच्या शनिवारी पत्र छापून आलं, अगदी शेवटच्या ओळीसकट. शेजारी एक चौकोन होता: 'वाचकांच्या तक्रारींमुळे हे कोडे या अंकानंतर बंद करण्यात येत आहे.' आणि त्याखाली शेवटचं कोडं.

"बघू, बघू!" रविवारपर्यंत थांबायला कोणी तयार नव्हतं; शनिवारीच वाचनालयात ताज्या अंकावर मोठ्यांच्या उड्या पडल्या. धाकटीच्या हाती नेहमीप्रमाणे काहीच लागलं नाही.

"मला कधीच मिळत नाही!" ती फुरंगटून रद्दीच्या गठ्ठ्याजवळ जमिनीवर बसली. हाताला मागचा अंक लागला, त्यातली चौकट कोरीच होती. "वकील, तू नवी सूत्रं मोठ्याने वाच. मी जुन्या चौकटीत लिहिते."

"वेडी आहेस का? क्रिकेटची बॅट घेऊन कॅरम खेळणार?"

"वाच रे!"

त्याने वाचलं. धाकटीने लिहिलं. आडवा एक बसला. आडवा चारही बसला. मग उभा दोन त्या दोघांना छेदून अलगद खाली उतरला.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "सगळं बसतंय."

थोरली गुडघ्यांवर बसली. तिने रद्दीतून आणखी दोन अंक ओढून काढले, चौकटी कापल्या, सूत्रं कापली आणि फरशीवर मांडली. त्या-त्या आठवड्याची सूत्रं आदल्या आठवड्याच्या चौकटीत चपखल बसत होती. एकही घर चुकत नव्हतं!

"म्हणजे कोडेकार चुकलेच नाहीत," वकील म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाद घातला नाही.

 थोरलीला फक्त पत्रातली ती शेवटची ओळ दिसत होती.

"घड्याळजी, हे बघा ना!" धाकटी म्हणाली.

"योगायोग असेल," घड्याळजी मान वर न करता म्हणाले. "आणि आता बोलून काय उपयोग? कोडं बंद झालं."

"चला!" थोरली उठली. "थेट ऑफिसात जाऊ. त्यांना कळायला हवं. आजच!"

साप्ताहिकाचं ऑफिस एक जिना चढून वर होतं. आत शाईचा वास, तीन टेबलं, आणि खडखड करत फिरणारा एक पंखा.

"तक्रारी पत्राने पाठवा, मुलांनो," संपादकसाहेब म्हणाले. "मी कामात आहे."

"साहेब, पैज लावा!" वकील पुढे सरसावला. "तुमच्याच अंकातलं आजचं कोडं आम्ही दहा मिनिटांत पूर्ण सोडवतो. नाही जमलं तर सुट्टीभर तुमच्या ऑफिसचा जिना झाडून देऊ."

संपादक खुर्चीत मागे रेलले. "ते कोडं? ते तर कोणालाच सुटत नाही. बसा! पाहू तरी."

धाकटीने तिथल्याच गठ्ठ्यातून मागच्या शनिवारचा अंक काढून त्यातली कोरी चौकट टेबलावर ठेवली. वकील सूत्रं वाचू लागला, थोरली उत्तरं सांगू लागली, धाकटी लिहू लागली. सातव्या मिनिटाला संपादकांचं हसू मावळलं. नवव्या मिनिटाला शेवटचं घर भरलं.

"अहो, पानं लावणारे दादा कुठे आहेत?" त्यांनी हाक मारली.

दादा आले. मागच्या खोलीतून त्यांनी कोडेकारांच्या मूळ कागदांचं खोकं आणलं. प्रत्येक कोड्याचे दोन कागद होते, एका जाड कागदावर पट्टीने आखलेली चौकट आणि दुसऱ्यावर सूत्रं, दोन्ही मोठमोठ्या अक्षरांत. एका बाजूची कड मात्र प्रत्येक कागदाची कापलेली होती.

"इथे काय होतं?" थोरलीने विचारलं.

"पेन्सिलने आकडा असायचा काहीतरी," दादा म्हणाले. "स्कॅन करताना मधे मधे यायचा. म्हणून मी आधीच कड कापतो. स्वच्छ दिसतं."

"तोच तर कोड्याचा नंबर असणार!" वकील ओरडला. "कोणती सूत्रं कोणत्या चौकटीची, ते कळायला!"

दादांनी खोकं खाली ठेवलं. "महिन्यापूर्वी छपाईचं यंत्र बिघडलं होतं. एक अंक निघाला नाही. ट्रेमध्ये दोन कोडी एकदम साठली..."

"आणि तुम्ही पहिल्याची सूत्रं घेतलीत आणि दुसऱ्याची चौकट. मग दर आठवड्याला तसंच पुढे," थोरली म्हणाली.

 संपादकांनी चष्मा काढला. "कमाल आहे पोरांनो! आम्ही इतके जण इथे बसतो, आणि एकानेही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत."

"साहेब, पत्ता द्या," थोरली म्हणाली.

घर फार लांब नव्हतं. तिघं पळतच गेली. थोरलीने वाटेत मनातल्या मनात तीन वेळा माफी मागून पाहिली. प्रत्येक वेळी शब्द निराळे येत होते.

दार एका बाईने उघडलं. वय आईएवढं. तिच्या मागे टेबलावर औषधांच्या बाटल्या एका खोक्यात भरून ठेवलेल्या होत्या.

"आम्हाला कोडेकारांना भेटायचंय," धाकटी धापा टाकत म्हणाली. "खूप महत्त्वाचं आहे!"

"मी त्यांची मुलगी." बाईने दार पूर्ण उघडलं. "बाबा गुरुवारी गेले."



"आत या," ती म्हणाली. "पाणी प्या आधी."

कोणीच प्यायलं नाही. थोरलीने पिशवीतून चौकटी काढल्या आणि काय घडलं ते सांगितलं.  मुलगी ऐकत राहिली. मग ती जमिनीवर बसली आणि तिने स्वतःच्या हाताने सूत्रांचा एक कागद आदल्या आठवड्याच्या चौकटीशेजारी ठेवला. एकेक घर बोटाने मोजलं.

"त्यांना छापलेलं दिसत नव्हतं," ती म्हणाली. "मोठ्या भिंगातून आखायचे, मोठं लिहायचे. अंक आला की मी सूत्रं वाचून दाखवायची. सूत्रं त्यांचीच असायची, म्हणून ते खूश. मग ऑफिसने तुमचं पत्र छापण्याआधी आमच्याकडे पाठवलं. मला म्हणाले, 'जरा मोजून बघ गं, माझं चुकलंय का?' मी घाईत होते. मोजलं आणि सांगितलं, 'हो बाबा, जुळत नाही.'"



"त्यानंतरचे दोन दिवस ते बोटांवर अक्षरंच मोजत बसले होते. मी ऑफिसला फोन करते म्हटलं, तर म्हणाले, नको, चूक माझीच असणार." तिने चौकटीवरचा हात उचलला नाही. "मलाही तसंच वाटलं. डोकं साथ देत नाहीये आता, असं."

"ती शेवटची ओळ मी लिहिली होती," थोरली म्हणाली. "विश्रांतीची. बाकीच्यांनी नाही. मीच."

मुलीने तिच्याकडे पाहिलं. 

"आणि वाचून मी दाखवली," ती म्हणाली. "त्यांचं हृदय आधीपासून दुबळं होतं गं. ते त्या पत्राने गेले नाहीत. पण जाताना त्यांना वाटत होतं की आपण चुकलो. ते मात्र आता कोणाला दुरुस्त करता येणार नाही." मग तिने कागद पुन्हा एकदा सरळ केला. "मला तरी कळलं. बरं झालं आलात."

पुढच्या शनिवारी साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर माफी छापून आली आणि आत एका अख्ख्या पानावर चुकीची छापलेली चारही कोडी, योग्य चौकटींसह. पानं लावणाऱ्या दादांनी ती प्रत्येकी दोनदा तपासली होती.

रविवारी टेबलाभोवती खुर्च्या पुरल्या नाहीत. संपादकसाहेब स्वतः आले.

"या तिघांनी आमचे डोळे उघडले!" ते म्हणाले. "शाबास!"

"सहा वर्षं सोडवतोय," घड्याळजी म्हणाले. "आणि मी योगायोग म्हणालो. पोरांनो, तुम्ही माझ्यापेक्षा बारीक पाहता." आत्याने वकिलाच्या पाठीवर थाप दिली. नर्सबाईंनी धाकटीला जवळ घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरली टेबलाच्या कडेकडे बघत उभी होती. टाळ्या थांबायची ती वाट पाहत होती.

तेवढ्यात कोडेकारांची मुलगी आली. आत्याने तिला खुर्ची दिली, धाकटी आणि थोरलीच्या मधे.

"मला यातलं काही येत नाही हं," ती म्हणाली. "बाबा शिकवतो म्हणायचे. मी म्हणायचे, नंतर."

धाकटीने ताजा अंक तिच्यापुढे सरकवला. या वेळी तो सगळ्यांच्या आधी धाकटीच्याच हाती आला होता, तरीही. "हे सोपं आहे. 'डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, पाहणारा तोच.' तीन अक्षरं."

मुलीने पेन्सिल घेतली. टेबलावर सगळ्यांना उत्तर येत होतं. नर्सबाईंनी ओठ मिटून घेतले, घड्याळजी छताकडे पाहू लागले, वकील तर स्वतःच्याच हातांवर बसला. पाच मिनिटं गेली असतील, कदाचित जास्तच. मग तिने सावकाश लिहिलं: न, य, न.

"बरोबर आहे का?" तिने विचारलं. मग तिचा आवाज बदलला. "आता विचारणार कोणाला?"

"उभा शब्द सोडवून बघायचा," थोरली म्हणाली. तिने खुर्ची थोडी जवळ ओढली. "तो या 'य'मधून जातो. तो जुळला तर बरोबर."

"आणि नाही जुळला तर?"

"तर दोघी मिळून परत मोजू."

मुलीने मान हलवली आणि ती पुढचं सूत्र वाचू लागली.